कर्जाचे कागद का जाळले? माझा इतिहासाचा प्रकल्प

आज माझ्या नववीच्या प्रकल्पाची गोष्ट. विषय, १८७५ चा दख्खनचा उठाव. मी नेटवरून दोन पानं उतरवली. मॅडम म्हणाल्या, "यात आपला भाग कुठंय?"

शोधलं तर सुरुवात आपल्याकडचीच! १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुप्यात लोक उठले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात, आणि दौंडही त्यातच.

अमेरिकेतलं युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचे भाव पडले. सारा मात्र वाढला. न वाचता अंगठा दिलेल्या कर्जखतावर कोर्टात जमीन जायची. म्हणून लोकांनी मुख्यतः खतं आणि वह्याच जाळल्या. १८७९ च्या कायद्यानं कोर्टाला खतामागचा खरा हिशोब तपासायला लावलं.

आजीला विचारलं, तर ती आधी गप्पच. मग ट्रंकेतून पिवळा कागद काढला. खाली तिच्या सासऱ्यांचा अंगठा. म्हणाली, "वर काय लिहिलंय, ते त्यांना कुणी वाचून दाखवलंच नाही."

प्रकल्पात मी तो कागद पूर्ण वाचून लिहिला. तुम्हीही कर्जाच्या ॲपवर 'मान्य' दाबण्याआधी अटी वाचा. नाही कळल्या, तर कुणाला तरी विचारा. भेटू पुढच्या भागात!