कार्ब्युरेटर ते इंजेक्शन : एका जुन्या मोटारीचा जमाखर्च

धान्याच्या पेढीवर उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने मोटारीच्या यंत्राविषयी लेखणी उचलावी, हे वाचकांस थोडे विपरीत वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु जी गोष्ट स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या चुकीने व स्वतःच्या दारात शिकलो, ती आपल्या व्यापारी बंधूंपुढे ठेवण्यास पदवीची जरुरी नसावी, अशा समजुतीने हा लेखनप्रपंच करीत आहोत. पुष्कळ घरांच्या अंगणात वडिलांच्या वा थोरल्या भावाच्या हातची एखादी जुनी गाडी उभी असते. ती विकवत नाही आणि नीट चालतही नाही. अशा घरांसाठी हे चार शब्द.

आमचे दिवंगत बंधू दादा यांनी १९९७ साली मारुती ८०० घेतली. पेढीचे काम सुरू होण्यापूर्वी पहाटे राम घाटावर जाऊन घटकाभर क्षिप्रेकडे पाहत बसावयाचे, कबुतरांस ज्वारी टाकावयाची आणि मग चिमनगंज मंडीची वाट धरावयाची, हा त्यांचा नेम. दादा गेले. वहिनींनी तो नेम सोडला नाही. ज्वारीची पिशवी, ती गाडी आणि चालविण्यास आमचा पुतण्या, असा क्रम चालू राहिला. परंतु गाडीचे वय झाले होते. थंडीच्या दिवसांत चोक ओढून ओढून हात दुखत, हरसिद्धीच्या चढावर इंजिन आचके देई, पेट्रोलचा वास लुगड्यास लागे. मुलांनी गाडी भंगारात देण्याचा विषय काढला, तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावजी, गाडी तुमची आहे, काय ते तुम्हीच ठरवा." हे वाक्य आम्हांस नकारापेक्षा जड गेले.

प्रथम दुखणे कोठे आहे ते समजून घेऊ. कार्ब्युरेटर हे मोठे कल्पक यंत्र होय. इंजिन हवा ओढते, ती अरुंद नळीतून वेगाने जाते, तेथे दाब उतरतो आणि त्या ओढीने बारीक भोकाच्या जेटमधून पेट्रोल वर येऊन हवेत मिसळते. शुद्ध पेट्रोल पुरते जळण्यास त्याच्या सुमारे १४.७ पट वजनाची हवा लागते. हे माप जेटच्या भोकाने ठरते आणि भोक आपणहून बदलत नाही. थंडी असो वा वैशाख, माप तेच. पंचवीस वर्षांत दांडा झिजला की भलत्या वाटेने हवा शिरते आणि तेही माप बिघडते.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. आता देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. अशा मिश्रणास सुमारे १३.५ पट हवा पुरते, म्हणजे तितक्याच हवेस इंधन अधिक द्यावे लागते. जुना जेट पूर्वीइतकेच देतो. परिणामी इंजिन अर्धपोटी राहते व आचके देते. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि जुन्या रबरास मानवत नाही.

इंजेक्शन पद्धतीत ओढीवर भिस्त नसते. पंप पेट्रोलास सुमारे तीन बार दाब देतो. इंजेक्टर नावाची विजेवर उघडणारी तोटी क्षणाच्या काही सहस्रांश भागापुरती उघडते. किती वेळ उघडावयाची हे एक लहानसा संगणक ठरवितो. हवेचा दाब, तिची उष्णता, इंजिनाच्या पाण्याची उष्णता, पायाखालच्या झडपेची स्थिती आणि धुरात उरलेला प्राणवायू, या सर्वांची खबर त्याला संवेदकांकडून मिळते. धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक हा तर आमच्या मते तराजूचा काटाच होय. माप चुकले की तो कळवितो आणि पुढच्या क्षणी दुरुस्ती होते.

ही विद्या नवी नाही. १९५४ सालच्या मर्सिडीज ३०० एसएल गाडीत यांत्रिक इंजेक्शन होते. विजेवर चालणारी पद्धती अमेरिकेच्या बेंडिक्स कंपनीने १९५७ च्या सुमारास काढली, पण ती टिकली नाही. पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगन गाडीत ती यशस्वी करून दाखविली. आपल्याकडे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट व पद्मिनी गाड्यांनी मुंबईची टॅक्सी म्हणून दोन पिढ्या कार्ब्युरेटरवर वाहिल्या, आणि त्यांतील शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेने निवृत्त झाली. इंजेक्शनचा खरा रेटा आला तो न्यायालयाकडून. दिल्ली परिसरात एप्रिल २००० पासून युरो-दोन मानकाच्याच गाड्या नोंदवाव्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिला. त्या सुमारास मारुती ८०० ही इंजेक्शनसह येऊ लागली. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले.

आमच्या कामाची गोष्ट नेमकी हीच. आमच्या गाडीतील ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन आणि पुढे इंजेक्शनवर चाललेले इंजिन एकाच घराण्यातील. तेव्हा भंगारात निघालेल्या नंतरच्या गाडीचे सामान स्वस्तात मिळेल, असा हिशेब आमच्या पुतण्याने मांडला व तो बरोबर होता. चूक झाली ती पुढे, आणि ती आमची.

२०२२ च्या कार्तिकात आम्ही एका मिस्त्रीकडे गाडी दिली. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. स्वस्त करा, लवकर करा, असे आम्हीच त्याच्या मागे लागलो होतो. त्याने पंप नवा बसविला, परंतु नळ्या जुन्याच ठेवल्या. कार्ब्युरेटरच्या यांत्रिक पंपाचा दाब तीन बारच्या दशांशाएवढाही नसतो. त्या दाबाची रबरी नळी तीन बारांस कशी टिकावी? चौथ्या दिवशी पहाटे वहिनी घाटावरून परतल्या, गाडीत बसल्या आणि पुतण्याने किल्ली फिरविताच पेट्रोलचा भपकारा आला. नळी फुटून गरम इंजिनाशेजारी पेट्रोल उडत होते. मुलाने प्रसंगावधान राखून किल्ली बंद केली व वहिनींस हात धरून बाहेर काढले. ज्वारीची रिकामी पिशवी तेवढी गाडीत राहिली. काही झाले नाही. पण काय झाले असते, या विचाराने आम्हांस कित्येक रात्री झोप आली नाही. चाळीस वर्षे आम्ही गिऱ्हाइकांस सांगत आलो की स्वस्त बारदान घेऊ नका, वाटेत माल सांडतो. तेच शहाणपण घरच्या माणसांच्या बाबतीत विसरलो.

गाडीवर जुना कार्ब्युरेटर पुन्हा चढविला आणि एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. आम्ही त्यांस उस्ताद म्हणतो. सर्व पाहून ते म्हणाले, "शेठजी, पैसा वाचवायला जागा पुष्कळ आहेत. पण पेट्रोल जिथून वाहतं तिथं वाचवायचा नाही." हा एक नियम लक्षात राहिला तरी लेख वाचल्याचे सार्थक होईल.

काटकसर कोठे करावी? इनटेक, झडपेचे थ्रॉटल अंग, इंजेक्टर, संवेदक, संगणक व तारांचा जुडगा हे सर्व जुने घेण्यास हरकत नाही. मात्र सारे एकाच गाडीचे असावे, जसे बियाणे एकाच खळ्यातील घेतो. निरनिराळ्या गाड्यांचे तुकडे एकमेकांची भाषा समजत नाहीत. नंतरच्या काही गाड्यांचा संगणक ओळखीच्या किल्लीवाचून इंजिन चालू देत नाही, हेही विचारून घ्यावे. पावती घ्यावी. इनटेकची भोके आपल्या इंजिनाच्या भोकांशी प्रत्यक्ष जुळवून पाहावी. तोंडी भरवशावर माल उचलू नये. इंजेक्टर यंत्रावर धुऊन, तिन्हींचे माप सारखे पडते काय ते तपासून घ्यावे.

ज्या गाडीच्या घराण्यात इंजेक्शन आलेच नाही, तिच्यासाठी कार्ब्युरेटरच्या जागी एकाच इंजेक्टरचे थ्रॉटल अंग बसविण्याची साधी वाट आहे. अमेरिकेत बाऊलिंग व ग्रिपो या दोघांनी २००१ साली मेगास्क्वर्ट नावाचा हौशी लोकांनी जोडावयाचा संगणक काढला, तोही अशा कामी वापरतात. पण त्यात मापे स्वतः भरावी लागतात. जाणता माणूस नसेल तर त्या वाटेस जाऊ नये.

खर्च कोठे करावा? पंप, गाळणी, इथेनॉलला व दाबाला टिकणाऱ्या नळ्या, त्यांच्या पकडी आणि सर्व रबरी वळी नवीच घ्यावी. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी लागत असल्यास ती नीट बांधावी. इंजिन बंद पडताच पंपही आपोआप बंद होईल अशी रिलेची जोडणी असलीच पाहिजे; अपघातात हीच जीव वाचविते. टाकीवर वा तिच्याजवळ झाळकाम करू देऊ नये. विजेची जमिनीची तार जाड व स्वच्छ असावी. निम्मे दोष तेथेच सापडतात.

आता कायद्याविषयी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मूळ बनावटीत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजाविले. पहिल्या खेपेस आम्ही विचारलेच नव्हते, ही दुसरी चूक. दुसऱ्या खेपेस इंजिन तेच, क्रमांक तोच, इंधन तेच, असे स्पष्ट लिहून परिवहन कार्यालयात अर्ज केला आणि लेखी अनुमती हाती येईतो पान्यास हात लावला नाही. विमा कंपनीसही कळविले. प्रत्येकाने आपल्या कार्यालयात आधी विचारावे; अनुमती न मिळाल्यास कार्ब्युरेटरच नीट दुरुस्त करून घेणे हाच मार्ग.

आता जमाखर्च. दर शंभर रुपयांत जुन्या सामानास तीस, पंप-नळ्या-टाकीस पंचवीस, मजुरीस तीस व तारा, तपासणी आणि किरकोळीस पंधरा गेले. एकूण आकडा पस्तीस हजारांच्या घरात. गाडी पूर्वी लिटरला चौदा किलोमीटर जाई, आता सोळा जाते. आमची धाव वर्षाला तीन हजार किलोमीटर. म्हणजे बचत सुमारे सत्तावीस लिटर, रुपयांत तीन हजारांच्या आत. भांडवल वसूल व्हावयास बारा वर्षे! केवळ पेट्रोल वाचेल म्हणून कोणी या उद्योगात पडेल, तर तो व्यापारी नव्हे.

जमेची बाजू दुसरी आहे. तिच्या काळच्या गाड्यांस धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के. आमची गाडी पूर्वी त्या काठावर असे, आता एक टक्क्याच्या आत आहे. पौषातल्या पहाटे ती पहिल्या किल्लीस चालू होते. चोकची दांडी निकामी झाली, पण वहिनींनी ती काढू दिली नाही. दादांचा हात तिच्यावर रोज पडत असे.

परवा आम्हीही त्यांच्याबरोबर राम घाटावर गेलो होतो. परतताना हरसिद्धीच्या चढावर गाडी आचका न देता वर चढली. वहिनी थोड्या वेळाने म्हणाल्या, "भावजी, वास येत नाही आता." हिशेबाच्या वहीत ही रक्कम कोणत्या खात्यावर घालावी, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. तूर्त जमेस धरली आहे.