निघताना 'कुठे' विचारायचं नाही, मग शोधायचं कुठे?



पहाटे होडीवर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही आणि 'खंय चल्लो?' असं तर मुळीच विचारायचं नाही. हे आपल्यापैकी कुणाला मुद्दाम शिकवावं लागलेलं नाही. आजीने आईला गप्प केलं, आईने आम्हाला. चुकून कुणी विचारलंच तर निघालेला माणूस परत घरात येतो, घोटभर पाणी पितो, दोन मिनिटं बसतो आणि मग नव्याने निघतो. तो 'जातो' असंही म्हणत नाही, 'वचून येतां' म्हणतो. मराठी घरात 'येतो' म्हणतात, अर्थ तोच.

आता या विषयावर लिहायचं कारण. दोन वर्षांमागे ऑगस्टमध्ये आमच्या एका सभासदाची होडी सकाळी नऊच्या सुमाराला परतायची, ती दुपारी दोन वाजले तरी आली नव्हती. होडीवर तिघे. फोन लागत नव्हते. सोसायटीच्या ऑफिसात सगळे जमले. पहिला प्रश्न साहजिकच एकच, गेले कुठल्या बाजूला? वर की खाली? बायको म्हणाली, "विचारलं नाही. आम्ही विचारत नाही." म्हाताऱ्या बापालाही माहीत नव्हतं. शेजारच्या होडीवाल्याने अंधारात इंजिनाचा आवाज ऐकला होता, एवढंच.

आम्ही तटरक्षक दलाच्या १५५४ नंबरवर फोन केला. त्यांनी विचारलं, नोंदणी क्रमांक काय, होडीचा रंग कोणता, इंजिन कुठलं, माणसं किती, निघाले किती वाजता, कुठल्या दिशेला. आम्हाला रंग सांगता आला आणि माणसं सांगता आली. क्रमांक शोधायला कपाट उघडावं लागलं. दिशेचं उत्तर आमच्याकडे नव्हतंच. मग आम्ही आमच्या दोन होड्या दक्षिणेकडे पाठवल्या, कारण आदल्या आठवड्यात बांगडा त्या बाजूला मिळत होता. तिघे होते उत्तरेला. इंजिन बंद पडून वाहत चालले होते. दुसऱ्या गावची होडी परतताना योगायोगाने त्यांच्याजवळून गेली म्हणून दिसले, आणि रात्री साडेआठला दोरीने ओढत आणले. तिघेही धड आले. त्या रात्री घरी बायकांनी देवापुढे दिवा लावला आणि आम्ही ऑफिसात हिशेब मांडत बसलो.

तो हिशेब इथे देतो. होडी ताशी ११ किलोमीटरने चार तास गेली असं धरा. म्हणजे ती ४४ किलोमीटरपर्यंत कुठेही असू शकते. आपल्याला किनाऱ्याची एक बाजू सोडता येते, तरी उरलेलं अर्धवर्तुळ ३,००० चौरस किलोमीटरच्या वर जातं. अख्ख्या गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. आता तेच घरच्यांना ठिकाण माहीत असेल, अगदी पाच-साडेपाच किलोमीटर इकडेतिकडे धरून, तर शोधायचं वर्तुळ १०० चौरस किलोमीटरच्या आत येतं. वारा आणि पाण्याची ओढ होडीला तासागणिक पुढे नेते, ते दोन्ही हिशेबांत वेगळं. म्हणजे त्या एका न विचारलेल्या प्रश्नाने शोधायचं पाणी तीसपट वाढलं होतं.

मग ही प्रथा वेडगळ म्हणायची का? आम्हाला तसं वाटत नाही. कशी आली असेल ते बघू.

ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की नावाचा अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. १९२५ साली छापलेल्या निबंधात त्याने तिथल्या मच्छीमारांची एक गंमत नोंदवली. ते लोक आतल्या शांत खाजणासारख्या पाण्यात मासे धरत, तेव्हा मंत्रतंत्र काही करत नसत. तिथे धोका नाही आणि मासाही खात्रीचा. तेच लोक बाहेरच्या खुल्या समुद्रात निघाले की सगळे विधी सुरू. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा असाच एक अभ्यास १९७२ मध्ये छापला गेला. तिथे संध्याकाळी घरी येणाऱ्या शेवंडवाल्यांपेक्षा कित्येक दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरवाल्यांकडे मनाया जास्त निघाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मासळी मिळण्यापेक्षा जीव वाचण्याशी जोडलेल्या होत्या. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर होडीवर डुकराचं नाव घेत नसत, पाद्रीचंही नाही. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. फार फरक नाही.

हे आपल्याकडे ताडून बघायला दूर जायला नको. नदीत तिसऱ्या काढायला निघालेली बाई कुणाचा कौल घेत नाही, ओहोटीची वेळ बघते आणि टोपली उचलते. तिच्याच घरचा माणूस खोल पाण्यात निघाला की नारळ, गाऱ्हाणं, राखणदाराची आठवण, सगळं येतं. जिथे हातात काही नाही तिथे माणूस काहीतरी हातात धरतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

'कुठे' न विचारण्याला आमच्या मते आणखी एक साधं कारण असावं. मासळीची जागा कुणी सांगत नाही. वाडीच्या वाटेवर मोठ्याने विचारलं, उत्तर दिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात दहा जाळी. अपशकुन म्हटलं की तोंड बंद राहतं. हा आमचा अंदाज आहे, पण जुने तांडेल हे ऐकून हसतात आणि नाही म्हणत नाहीत.

सगळ्याच जुन्या गोष्टी टाकायच्या असत्या तर नारळी पौर्णिमा पहिली टाकावी लागेल, आणि ती तर आम्ही कुणाला टाकू देणार नाही. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. १ ऑगस्टला कागदावर समुद्र मोकळा होतो. पण पौर्णिमा २०२२ मध्ये ११ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ३० ऑगस्टला, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला. म्हणजे 'नारळ दिल्याशिवाय जाणार नाही' म्हणणारा कधी दहा दिवस थांबतो, कधी महिना. कर्जाचा हप्ता असलेल्या ट्रॉलर मालकाला हे परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ऑगस्टच्या सुरुवातीला पावसाळी लाटा अजून बसलेल्या नसतात. नदीच्या तोंडावर वाळू साचलेली असते आणि ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडलं की तिथे लाट उभी राहते. लहान होडी उलटते ती बहुतेक तिथेच, खोल पाण्यात नाही. पंचांग लाटा मोजत नाही हे खरं, पण ते थांबायला लावतं. आणि पौर्णिमेलाच उधाण असतं, ओढ सगळ्यात जास्त, म्हणून त्या दिवशी नारळ द्यावा आणि होडी काढायची ती नदीचं तोंड बघून काढावी.

लिंबू-मिरचीबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. कुणाचं नुकसान नाही.

बायकांना होडीवर चढू न देणं मात्र नुकसानीचं आहे, आणि ते त्या दुपारी ऑफिसात दिसलं. होडीला नाव मुलीचं किंवा देवीचं, मासे विकायला बाई, सोसायटीचे पैसे भरायला बाई, पण होडीला हात लावायचा नाही आणि होडीबद्दल विचारायचं नाही. म्हणून जिला पहिला फोन करावा लागतो तिलाच आयएनडी-जीएने सुरू होणारा क्रमांक पाठ नसतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिलेला ६० टक्के साहाय्य आहे. होडी तिच्या नावावर घेण्याची गोष्ट निघाली की घरातला एखादा म्हातारा मान हलवतो. त्या मान हलवण्याची किंमत वीस टक्के आहे. विम्याचंही तसंच. याच योजनेच्या अपघात विम्यात मृत्यू झाला तर ५ लाख रुपये मिळतात, पण 'निघताना मरणाची भाषा नको' म्हणून फॉर्मवर वारसाचं नाव लिहायचं राहतं. मरणाची भाषा निघताना नको तर जूनमध्ये करा, होडी शाकारून ठेवलेली असते तेव्हा.

आता 'कुठे'चं काय केलं ते. बैठकीत बरीच बाचाबाची झाली. तरुण पोरं म्हणाली, हे सगळं बंद करा. वयस्क मंडळी उठून जायला निघाली. तेव्हा एक जुना तांडेल म्हणाला, "विचारायचं नाही असं आहे. सांगायचं नाही असं कुणी म्हटलंय?" त्यावर कुणाला बोलता आलं नाही.

पहिल्यांदा आम्ही ऑफिसाबाहेर पाटी लावली. होडीचं नाव, माणसं, दिशा, परतीची वेळ. आठवड्याने कळलं की निम्मे जण खोटी दिशा लिहितात. जागा फुटायची भीती. अपशकुनाचं नाव, भीती धंद्याची, हे आम्हाला तेव्हा नीट समजलं. मग पाटी काढली आणि कुलपाचा डबा लावला. आदल्या संध्याकाळी डिझेल भरताना घडी केलेली चिठ्ठी आत टाकायची. चिठ्ठीवर दिशा, साधारण किती वाव पाणी, माणसं किती, फोन नंबर आणि किती वाजेपर्यंत परत येणार. सांगितलेल्या वेळेनंतर दोन तास झाले तरी होडी आली नाही तरच ती चिठ्ठी उघडायची, तीही दोन जणांसमोर. होडी आली की चिठ्ठी न उघडता परत मालकाच्या हातात. काही घरांत तीच चिठ्ठी आदल्या रात्री देवाच्या दिव्याखाली ठेवतात आणि डब्यात टाकतच नाहीत. तेही चालेल, घरच्या बाईला ती कुठे आहे ते माहीत असलं म्हणजे झालं. नोंदणी क्रमांक आम्ही मोठ्या अक्षरात छापून दिला आहे. तो चुलीच्या भिंतीला लावा, कपाटात ठेवू नका. १५५४ त्याच कागदावर खाली आहे. व्हीएचएफ असेल तर संकटाचा चॅनल १६, हे खलाशांनाही दाखवून ठेवा, एकट्या तांडेलाला माहीत असून भागत नाही.

डबा डिझेलच्या खिडकीशी आहे. कागद तिथेच ठेवले आहेत. पेन्सिल सुतळीने बांधली आहे, कारण पेनं आत्तापर्यंत चार गेली.