चाळीस टक्के

रविवारी शाळा उघडायला लागली की शिपाईमामांचा चेहरा पडतो, तसा तो आजही पडलाय. दुसऱ्या मजल्यावर बाकं सरकवण्याचा खरखराट चाललाय. पुण्यातली मराठी शाळा, जानेवारीची थंडी, गारठलेली बाकं. वर्गात दहावीची सहा-सात मुलं-मुली आहेत, बहुतेक अंध. त्यांच्या शेजारी नववीतले लेखनिक. ‘रायटर आला का माझा?’ असं एक मुलगा दारातूनच विचारतो. ‘कधीचा बसलोय,’ असं खिडकीपासून उत्तर येतं, आणि तो आवाजाच्या रोखाने पांढरी काठी टेकवत निघतो. खिडकीजवळचा उठून त्याचा दंड धरू बघतो.

‘ओढायचं नाही,’ दाराशी बसलेल्या ताई म्हणतात. ‘तुझं कोपर पुढे कर. धरायचं की नाही ते तो बघेल.’

त्यांना हे दिसलेलं नाही. ताई स्वतः अंध आहेत. बँकेत नोकरी करतात आणि परीक्षेआधीचे रविवार इथे देतात. चपलांच्या आवाजावरून त्यांनी हे ओळखलं असावं. त्यांची खुर्ची मुद्दाम दारात आहे आणि दार सताड उघडं. कुठलीही जोडी बंद खोलीत बसणार नाही, हा त्यांचा नियम. मुलांनी एकमेकांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत, निरोप पालकांमार्फत किंवा ताईंमार्फत. येता-जाता घरचं कुणीतरी सोबत हवं. पैसे, भेटवस्तू काही नाही. फोटो तर नाहीच. समाजसेवेचं स्टेटस टाकायला आलेली मुलं या शेवटच्या नियमावर हिरमुसतात म्हणे. मला तोच सगळ्यांत आवडला.

एका मुलीची आई संमतीपत्रावर सही करता करता थबकते. ‘हिचा अभ्यास बुडणार नाही ना हो?’

‘बुडेल थोडा,’ ताई सरळ सांगतात. ‘म्हणून एकीला दोनच पेपर देते. आणि प्रत्येक पेपरला एक राखीव रायटर ठेवते. ताप आला तर हिने अंथरुणात पडावं, हट्टाने येऊ नये. फक्त आदल्या रात्रीपर्यंत कळवायचं.’

आई सही करते. फाइलमध्ये अशी संमतीपत्रं, फोटो आणि शाळेचे दाखले लावलेले आहेत. लेखनिकाची परवानगी परीक्षार्थीच्या शाळेमार्फत बोर्डाकडून घ्यावी लागते, आणि लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणून दहावीला नववीचा. बारावीच्या मुलाला अकरावीचा चालतो. एवढ्या लहान वयात, कायद्याने नुसतं चालतं एवढंच नाही, तर तुमचं लहान असणंच जिथे लागतं, असं दुसरं काम मला तरी आठवत नाही.

आजचा सराव इतिहास-राज्यशास्त्राचा. चाळीस गुण, दोन तास, आणि तासाला वीस मिनिटं या हिशेबाने वरची चाळीस मिनिटं. मी मागच्या बाकावर बसलोय. माझ्या पुढे दोन वेण्यांची एक मुलगी आणि तिचा परीक्षार्थी. तो घड्याळाची काच उघडून काट्यांवरून बोट फिरवतो. ‘नऊ चाळीस. कर सुरू.’

‘प्रश्न पहिला अ. योग्य पर्याय निवडून विधान पूर्ण करा. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक, रिकामी जागा, यास म्हणता येईल. व्हॉल्टेअर, रेने देकार्त, लिओपॉल्ड रांके, कार्ल मार्क्स.’

‘व्हॉल्टेअर,’ तो म्हणतो. बिनचूक.

पण ताई तिथूनच हाक मारतात. ‘मुली, परत वाच गं. पहिल्या नावावर आवाज उचललास तू.’

मुलगी गोरीमोरी होते. तिने धडा वाचलेला नाही, पर्याय पहिलाच म्हणून आवाज आपसूक चढला. ती पुन्हा वाचते, चारही नावं एका पट्टीत, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी. ताई मान हलवतात. मला हे कधी सुचलं नसतं. उत्तर माहीत असलेला माणूस बरोबर पर्यायाशी किंचित रेंगाळतो, आणि नुसत्या कानावर परीक्षा देणाऱ्याला तेवढं रेंगाळणं पुरतं.

संकल्पनाचित्र आलं की सगळ्याच बाकांवर गोंधळ उडतो. ‘इथे एक गोल आहे… आणि असे असे बाण,’ असं म्हणत एक मुलगा हवेत हात फिरवतो, आणि कुणाला दाखवतोय ते लक्षात आल्यावर स्वतःच हसतो. त्याचा परीक्षार्थी शांतपणे शिकवतो: ‘मध्ये काय लिहिलंय ते आधी सांग. मग चौकटी किती. मग भरलेल्या कुठल्या, रिकाम्या कुठल्या. वरून सुरू कर, घड्याळाच्या काट्याप्रमाणे जा.’ चित्र दोन वाक्यांत उभं राहतं.

कोपऱ्यातल्या एका बाकावरचा परीक्षार्थी प्रश्न स्वतः वाचतोय. त्याला दिसतं, पण हात लिहीत नाही, पेन धरलं की बोटं आखडतात. अशा मुलांची वर्षानुवर्षं अडवणूक व्हायची, कारण दाखल्यावर चाळीस टक्के अपंगत्व भरत नसे. यूपीएससीच्या अशाच एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं, की लेखनिक मिळण्यासाठी त्या चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. निकाल लागला दिल्लीत, पण त्याचं पेन धरायला इथे नववीतलं कुणीतरी रविवारची झोप सोडून यावं लागतं.

माझ्या पुढच्या बाकावर राज्यशास्त्र सुरू झालंय. ‘महाराष्ट्रात स्थानिक शासनसंस्थांमध्ये महिलांसाठी किती जागा राखीव आहेत? पंचवीस टक्के, तीस टक्के, चाळीस टक्के, पन्नास टक्के.’ या वेळी आवाज सपाट.

‘चाळीस.’

पेन थांबतं. वेण्या हलतात. तिला उत्तर माहीत आहे, हे मागून तिच्या खांद्यांवरूनसुद्धा कळतं. ती ओठ चावते.

‘लिहिलंस का? चाळीस.’

‘…लिहिते.’ आणि ती लिहिते. चाळीस टक्के.

इतर कुठल्याही सेवेत मुलांना आपण सांगतो, पुढे व्हा, हात द्या. इथे हात तेवढा द्यायचा, डोकं आपल्यापाशी ठेवायचं. समोरच्याची चूक त्याच्या नावावर, शुद्ध अक्षरात उतरवायची, कारण ती पुसली तर त्याची बरोबर उत्तरंही त्याची राहत नाहीत. चौदाव्या वर्षी हे जमवणं मला जड गेलं असतं. आजही जाईल.

शेजारच्या खोलीत डोकावतो. ज्यांचं अक्षर लागत नाही अशांची रवानगी तिथे, वाचक म्हणून. आठवीतले दोघं मोबाइलवर भूगोलाचं पुस्तक रेकॉर्ड करतायत. पंखा बंद, खिडक्या बंद, दार मात्र उघडं. ‘पान क्रमांक बारा,’ एक जण घसा खाकरून सुरू करतो, तेवढ्यात खालून भंगारवाल्याची आरोळी येते. दुसरा कपाळावर हात मारतो. पुन्हा पान बारा. हे काम घरी बसूनही करता येतं, पण घरी कुकरची शिट्टी असते, असं तो मला समजावतो.

वेळ संपल्याचं ताई जाहीर करतात. वेण्यांची मुलगी तडक त्यांच्यापाशी जाते. ‘ताई, आता सांगू त्याला?’

‘पेपर माझ्या हातात दे. हं, आता सांग.’

‘पन्नास टक्के आहे ते, दादा! माझी मावशी ग्रामपंचायतीत आहे, मला पाठ आहे.’

‘अरेच्चा!’ तो बाकावर थाप मारतो. ‘आणि गप्प बसलीस? भलतीच पक्की आहेस तू.’ तो हसतोय, पण गुण गेल्याची चुटपुट चेहऱ्यावर आहे.

‘त्या टिपेत तो फुको कोण होता?’ ती विचारते. ‘तू सांगितलंस तसं लिहिलं, कळलं काहीच नाही.’

‘बस, सांगतो. पुढच्या वर्षी तुलाच आहे तो.’

खाली तिच्या बाबांच्या स्कूटरचा हॉर्न वाजतो. ती खिडकीतून ओरडते, ‘बाबा, दहा मिनिटं!’