दोन प्रतींपैकी खरी कोणती? घरच्या कॉम्प्युटरवरील हार्ड डिस्कचे मिररिंग

मंडळी, गेल्या व्याख्यानात आपण स्मृतीविषयी बोललो. नैयायिक स्मृतीला प्रमा मानत नाहीत, कारण ती नवं काही कळवत नाही, आधीच्या अनुभवाचीच उजळणी करते, इथपर्यंत आलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक चिठ्ठी आली: "सर, माणसाच्या स्मृतीचं समजलं. घरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्ड डिस्क लावून एकीची प्रत दुसरीवर आपोआप ठेवता येते म्हणतात. त्यातली भरवशाची पद्धत कोणती? मुलं बाहेरगावी आहेत, विचारायला कुणी नाही." चिठ्ठी वाचल्यावर मागच्या रांगेत काही जण हसले. आम्ही हसलो नाही, कारण या बाबतीत आमचे हात पोळलेले आहेत. तेव्हा आजचा तास या चिठ्ठीला.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क बसवायच्या. तुम्ही एक फाइल साठवली की ती दोन्हींवर एकाच वेळी लिहिली जाते. याला मिररिंग म्हणतात. चार टेराबाइटच्या दोन डिस्क लावल्या तरी वापरायला चारच टेराबाइट मिळतात. उरलेले चार हा विम्याचा हप्ता समजा. १९८८ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला आणि अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या रीतींना 'रेड' हे नाव दिलं. मिररिंग ही त्यातली पहिली पायरी, म्हणून 'रेड वन'. रीत त्यांच्या आधीपासून वापरात होती, नाव त्यांचं. त्या नावातल्या 'आय'चा मूळ अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढे त्याचा 'स्वतंत्र' झाला. स्वस्त हा शब्द विकणाऱ्याला परवडत नाही, हे आपण जाणतोच!

आता विमा कशाचा आहे? एक डिस्क मेली तर काम थांबू नये, एवढ्याचाच. आम्ही तो सगळ्याचा समजलो.

आमची आई ओव्या म्हणायची. १९८३ साली वाईजवळच्या आमच्या गावी टेपरेकॉर्डर घेऊन आम्ही तिच्यासमोर बसलो, तेव्हा घरचं जातं कधीच बंद पडलं होतं, गावात गिरणी आली होती. पण हात फिरल्याशिवाय तिला पुढची ओवी आठवेना. मग रिकामं जातं फिरवत ती म्हणत गेली. सगळ्या टेपवर ती घरघर आहे. अकरा कॅसेटी झाल्या. निवृत्तीनंतर आम्ही त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. पुतण्यानं दोन डिस्कचं मिररिंग लावून दिलं आणि आम्ही निर्धास्त झालो. इतके निर्धास्त, की बुरशी धरलेल्या कॅसेटी रद्दीबरोबर देऊन टाकल्या.

पुढे एका दुपारी साफसफाई करताना एकाच नावाचे दोन फोल्डर दिसले. त्यातला एक जुना समजून आम्ही पुसला, तोही कचरापेटीत न टाकता कायमचा. लग्नाचे फोटो ठेवायला जागा हवी होती, ते लगेच त्यावर उतरवले. आठवड्यानं चूक लक्षात आली. आम्ही पुतण्याला म्हणालो, "अरे, दुसऱ्या डिस्कवर असेल ना?" तो जरा वेळ गप्प बसला. म्हणाला, "काका, आरशाला काय कळणार, तुम्ही चुकून पुसताय का मुद्दाम? तुम्ही पुसलंत त्या क्षणी तिथलंही गेलं." त्यानं पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवला. सात कॅसेटींचं ध्वनिमुद्रण परत मिळालं. चारांच्या जागी लग्नाचे फोटो बसले होते.

व्हिट्गेनस्टाइनच्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मध्ये एक माणूस येतो. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी खरी की खोटी याची खात्री करायला तो त्याच अंकाच्या आणखी प्रती विकत घेतो. तीस वर्षं आम्ही हे उदाहरण वर्गात सांगितलं आणि मुलांना हसवलं. घरी तेच करत होतो.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करून घ्या. मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही पुसलेलं, व्हायरसनं कुलूपबंद केलेलं, कुठल्याशा प्रोग्रॅमनं बिघडवलेलं, सगळं त्याच क्षणी दोन्हीकडे होतं. चोरानं डबा उचलला तर दोन्ही डिस्क एकदम जातात. बॅकअप म्हणजे वेगळ्या वेळी घेतलेली आणि वेगळ्या जागी ठेवलेली प्रत. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर बाहेरची एक डिस्क घ्या, बॅकअप घेऊन ती कपाटात ठेवा आणि मिररिंग विसरा. लॅपटॉपवाल्यांनी तर या फंदात पडूच नये. यूएसबीच्या वायरीनं लटकवलेल्या दोन डिस्कचं मिररिंग म्हणजे वायर हलली की आरसा फुटला.

हे मान्य असूनही मिररिंग हवं असेल, तर पुढे ऐका.

दुकानदार सहसा दोन मार्ग सुचवतात. एक म्हणजे वेगळं कंट्रोलर कार्ड. ते चांगलं असतं, पण मोठ्या कचेरीतल्या सर्व्हरसाठी. प्रत्येक कंपनी डिस्कवर आपापल्या पद्धतीनं खुणा करते. कार्ड जळालं तर बहुधा त्याच घराण्यातलं कार्ड शोधावं लागतं, आणि आठ वर्षांनी ते कुठे मिळणार? दुसरा मार्ग मदरबोर्डच्या बायोसमध्ये फुकट मिळणाऱ्या रेडचा. आमच्याकडे तोच होता. त्याला हार्डवेअरचं म्हणतात, पण काम सगळं ड्रायव्हर आणि प्रोसेसरच करतात. बोर्डाचा हातभार मुख्यतः कॉम्प्युटर सुरू होण्यापुरता. बोर्ड बदलला की डिस्क उघडतीलच असं सांगता येत नाही. बऱ्याचदा उघडतात, पण 'बऱ्याचदा' या शब्दावर आईच्या ओव्या ठेवायच्या का?

याचा आणखी एक दोष आम्हाला त्याच आठवड्यात कळला. पुतण्यानं तपासलं तर दोनपैकी एक डिस्क पाच महिन्यांपूर्वीच मेली होती. कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर दोन सेकंद एक ओळ येत असे, आणि आम्ही तेव्हा चहा आणायला स्वयंपाकघरात जात असू. मेलेली डिस्क ओरडत नाही, मंडळी. आरसा चालूच राहतो, एका पायावर.

तिसरा मार्ग ऑपरेटिंग सिस्टिमनंच मिररिंग करण्याचा, आणि घरासाठी आमच्या मते हाच योग्य. विंडोजमध्ये २०१२ च्या विंडोज आठपासून 'स्टोरेज स्पेसेस' आहे, होम आवृत्तीतसुद्धा. त्यातला 'टू-वे मिरर' निवडायचा. त्या डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनला लावल्या तर ओळखल्या जातात, मात्र विंडोजच लागतं. लिनक्समध्ये 'एमडीएडीएम' आहे. जुनं, साधं, कोणत्याही बोर्डावर चालणारं. डिस्क मेली तर ईमेल पाठवायला त्याला सांगता येतं. डेबियन लिनक्समध्ये तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही प्रती ताडून पाहण्याची सोय आधीपासून लावलेली असते.

पण ताडून पाहिलं आणि दोन प्रती जुळल्या नाहीत तर? इथे आमचा विषय सुरू होतो.

डिस्क वाचताना प्रत्येक तुकड्याबरोबरच्या जादा खुणा तपासते आणि चूक आढळली तर कबूल करते. तेव्हा अडचण नसते, दुसरीवरून वाचता येतं. अडचण येते ती डिस्क ठामपणे चुकीचं सांगते तेव्हा. कधी लेखन भलत्या जागी गेलेलं असतं, कधी तिच्या आतल्या प्रोग्रॅमचाच दोष असतो. कधी वीज नेमकी अशा क्षणी जाते की एकीवर लिहून झालेलं आणि दुसरीवर राहिलेलं. (यूपीएस लावाच, आपल्याकडे पावसाळा म्हणजे काय ते सांगायला नको.) आता दोन साक्षीदार, दोघंही छातीठोक आणि दोघांचं म्हणणं वेगळं. साध्या मिररिंगला कोण खरं हे कळायला काही साधनच नाही. दुरुस्ती करायला सांगितलं तर एमडीएडीएम एक प्रत खरी धरतं आणि दुसरीवर तीच लिहितं. ती खोटी असली तर खोटं दोन्हीकडे झालं.

मीमांसक म्हणतात ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाधक पुरावा येईपर्यंत ते खरंच मानायचं. नैयायिक म्हणतात नाही, त्याचं प्रामाण्य बाहेरून ठरतं. साधं मिररिंग मीमांसकांच्या पंथाचं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये तयार होऊन २००५ साली खुली झालेली झेडएफएस ही फाइल सिस्टिम मात्र न्यायाच्या बाजूची आहे. ती प्रत्येक तुकड्याचा चेकसम काढते. चेकसम म्हणजे त्या मजकुरावरून हिशेबानं काढलेला एक आकडा. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी आकडा जुळत नाही. हा आकडा ती मजकुराशेजारी ठेवत नाही. त्या तुकड्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या नोंदीत ठेवते. साक्षीदाराच्या खरेपणाचा दाखला साक्षीदाराच्याच खिशात नसावा, इतकी साधी गोष्ट. वाचताना एक प्रत आकड्याशी जुळली नाही तर दुसरी पाहायची, ती जुळली तर तुम्हाला तीच द्यायची आणि बिघडलेली दुरुस्त करायची. लिनक्समधलं बीटीआरएफएसही चेकसम ठेवतं आणि त्याचं मिररिंग वापरण्याजोगं आहे. फक्त एक डिस्क गेल्यावर ते आपण होऊन उघडत नाही, तसं सांगावं लागतं. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो.

तेव्हा चिठ्ठीचं उत्तर असं. लिनक्सची भीती नसेल किंवा लावून देणारं कुणी असेल, तर झेडएफएसचं मिररिंग, महिन्यातून एकदा 'स्क्रब' म्हणजे सगळं वाचून तपासणं, आणि बिघाडाचा ईमेल. विंडोज सोडायचं नसेल तर स्टोरेज स्पेसेस. बायोसचा रेड नको.

डिस्क घेताना दोन्ही एकाच खोक्यातल्या घेऊ नका. एका घाण्यातल्या असल्या तर दोघींचा दोषही एकच असू शकतो. एसएसडीच्या जोडीत हे अधिकच, कारण दोघींवर सारखंच लेखन होतं आणि दोघी सारख्याच झिजतात. काही स्वस्त हार्ड डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. नवी डिस्क भरताना त्या फार रखडतात, म्हणून विचारून घ्या. तसंही चार टेराबाइटची पूर्ण प्रत सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या वेगानं करायला सात-साडेसात तास लागतात, आणि तेवढा वेळ सगळा भार उरलेल्या एकटीवर असतो.

हल्ली आमच्याकडे झेडएफएसची जोडी आहे. शिवाय बाहेरच्या दोन डिस्क आहेत, त्यातली एक लेकीकडे नाशिकला असते. गणपतीत आणि दिवाळीत ती येते तेव्हा डिस्कची अदलाबदल होते.

आणि खरा मजकूर भरण्याआधी एक करा. दोन-चार बिनमहत्त्वाच्या फाइली ठेवा, कॉम्प्युटर बंद करा आणि एका डिस्कची वायर काढून पुन्हा सुरू करा. फाइली उघडतात का? बिघाडाचा निरोप येतो का, आणि तो तुम्ही बघाल अशा ठिकाणी येतो का? एक नवी फाइल लिहा, बंद करून वायर पुन्हा लावा, जोडी पूर्ववत होते का बघा. पुतण्यानं हे आमच्या हातून तीनदा करून घेतलं. पहिल्या वेळी आम्ही चुकून दोन्ही वायरी काढल्या होत्या.