बंद पंपाखालची माती
माधवनगरसारख्या काळ्या मातीच्या गावात पेट्रोल पंप बंद झाला, तरी गंजलेल्या टाकीतून झिरपलेलं इंधन जमिनीत राहू शकतं. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. खाली मुरूम, मग भेगाळ काळा पाषाण; या भेगांतून इंधन खाली उतरू शकतं. म्हणून तपासणी टाकीच्या खड्ड्यापासूनच सुरू होते. छोटे बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीवरची माती लगेच हवाबंद बाटलीत भरतात, नाहीतर पेट्रोलमधलं बेंझिन उडून जातं. भूजल कुठल्या दिशेला वाहतं हे कळायला एका रेषेत नसलेल्या किमान 3 निरीक्षण विहिरी लागतात. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पण त्यातलं बेंझिन थोडं विरघळतं. पिण्याच्या पाण्यातल्या बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे; वास जाणवतो तो त्याच्या कितीतरी पट पुढे. तेव्हा नाकावर विसंबू नये, पाणी प्रयोगशाळेत द्यावं.