मनाचा आजार आणि मोबाइल अ‍ॅप

परंडा म्हटले की भुईकोट किल्ला आठवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र या तालुक्याचे नाव सर्वतोमुखी झाले ते सीना नदीच्या महापुरामुळे. उभी पिके गेली, जनावरे वाहून गेली, ठिकठिकाणी शेतातील मातीही खरवडून गेली. या हानीचे पंचनामे होतात. मनावर झालेल्या आघाताचा पंचनामा होत नाही. झोप उडालेला, माणसांत बसेनासा झालेला शेतकरी आजारी आहे, हे घरच्यांच्याही उशिरा ध्यानी येते. आले तरी मानसोपचारतज्ज्ञासाठी बार्शी, धाराशिव नाही तर सोलापूर गाठावे लागते. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे, म्हणजे सर्व मराठवाड्याबाहेर आहेत.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. आवश्यक वाटल्यास तो रुग्णाला तज्ज्ञाशी जोडून देतो. बंगळूरची ‘निम्हान्स’ ही संस्था या सेवेची मार्गदर्शक आहे. दोन वर्षांनी, १० ऑक्टोबर २०२४ रोजी, याच सेवेचे मोबाइल अ‍ॅप उपलब्ध झाले.

अ‍ॅप उपलब्ध होणे आणि ते वापरात येणे यांत अंतर असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक आरोग्यविषयक ९३ अ‍ॅप तपासण्यात आली. साधारणपणे पाहता, अ‍ॅप घेणाऱ्या शंभरांपैकी तीन-चार जणच महिनाभरानंतर ते उघडत होते. खिन्न मनाला चिकाटीच नसते. तेव्हा ज्याला आजार आहे त्यानेच रोज आठवणीने अ‍ॅप उघडावे, ही अपेक्षा काहीशी उफराटीच म्हणावी लागेल.

डॉक्टरांच्याही अडचणी आहेत. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी जारी झाल्यामुळे दुरून सल्ला देण्यास निश्चित आधार मिळाला. परंतु बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना अ‍ॅपमधील नोंदी वाचायच्या केव्हा, आणि रात्री रुग्णाने त्यात काही गंभीर लिहिले तर जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची उत्तरे आधी ठरल्याखेरीज कोणताही डॉक्टर रुग्णाला अ‍ॅप सुचविण्यास धजणार नाही.

रुग्णाची अडचण निराळी, आणि ती अधिक नाजूक. खेड्यात एकच मोबाइल घरातील तीन-चार माणसे हाताळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण सासरच्या माणसांच्या हाती असलेल्या मोबाइलमधील नोंद त्या हक्काने झाकली जात नाही. नव्या सुनेने अशा मोबाइलवर मन मोकळे कसे करावे?

या बाबतीत जिल्ह्याचा स्वतःचा अनुभव उपयोगी पडण्यासारखा आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. त्यात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचा समावेश होता. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन तणावग्रस्त माणूस हेरावा आणि त्याला समुपदेशन व उपचारांपर्यंत न्यावे, अशी ती योजना. ओळखीच्या बाईने विचारले की माणूस बोलतो. अ‍ॅपची पहिली ओळखही तिनेच, आपल्या मोबाइलवर दाखवून, करून द्यावी. पुढच्या फेरीत तिने विचारपूस केली तर अ‍ॅप पुन्हा उघडले जाण्याचा संभव वाढेल.

ग्रामपंचायतीला यासाठी मोठा खर्च नाही. कार्यालयाच्या आणि शाळेच्या भिंतीवर १४४१६ हा क्रमांक ठळक रंगवावा. कोणाला एकांतात बोलायचे असल्यास एक खोली मोकळी ठेवावी. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी करीत असेल, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये व तत्काळ रुग्णालयात न्यावे. स्मार्टफोन नसलेल्यांनीही संकोच करण्याचे कारण नाही. १४४१६ साध्या बटनांच्या मोबाइलवरूनही लागतो.