चावी कारकुनाची, चिठ्ठी दुसऱ्याची!

विद्यार्थी मित्रहो, समजा तुमच्या शाळेतील कारकुनांकडे प्रत्येक कपाटाची चावी आहे. हिशेबाचे कच्चे काम ते व्हरांड्यातील टेबलावर ‘कच्ची वही’ नावाच्या वहीत करतात. वही नसली तर नवी घेतात. असली तर जुने पुसून लिहितात. एका खोडकर मुलाने हे हेरले व टेबलावर आधीच चिठ्ठी ठेवली : ‘कच्ची वही म्हणजे कपाट क्रमांक ३ मधील निकालपत्रक.’ कारकून सरळमार्गी! त्यांनी कपाट उघडले, निकाल पुसला आणि त्यावर हिशेब लिहिला. मुलाजवळ चावी नव्हती, कुलूपही तुटले नाही. पण निकाल गेला तो गेलाच!

संगणकात नेमके असेच घडू शकते. युनिक्स किंवा लिनक्स प्रणालीच्या एकाच यंत्रावर अनेक जण काम करतात. तात्पुरत्या फाइलींसाठी तेथे ‘टीएमपी’ नावाची सार्वजनिक जागा असते. तेथे कोणीही फाइल ठेवू शकतो. दुसऱ्याची फाइल मात्र सहसा काढता येत नाही. आपली चिठ्ठी म्हणजे ‘सिम्बॉलिक लिंक’. तिच्यात केवळ दुसऱ्या फाइलचा पत्ता असतो. १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीपासून युनिक्समध्ये ही सोय रूढ झाली. आणि सर्व कपाटांची चावी म्हणजे ‘रूट’ हा सर्वाधिकार.

आता खरे उदाहरण पाहा. अपाचे या प्रसिद्ध वेबसर्व्हरबरोबर ‘एचटीपासवर्ड’ नावाची छोटी आज्ञावली मिळते. ती सर्व्हरसाठी परवलीच्या शब्दांची यादी तयार करते. १.३.१४ या आवृत्तीत ती आपली तात्पुरती फाइल बेसावधपणे उघडत असे. त्या फाइलचे नाव ओळखून कोणी आधीच लिंक ठेवली आणि रूटने ही आज्ञावली चालवली, की लिंकने दाखवलेली कोणतीही फाइल पुसली जाई. हा दोष २००१ साली उघड झाला. सर्व्हर जाळ्यावरचा, पण हल्लेखोर मात्र त्याच यंत्रावर खाते असलेला!

तुम्ही म्हणाल, ‘आधी पाहावे, मग लिहावे.’ पण पाहणे आणि लिहिणे यांच्यामध्ये क्षणाचा अवकाश राहतोच. तो मायक्रोसेकंदांचा असला तरी त्यात चिठ्ठी सरकवता येते! मॅट बिशप व मायकेल डिल्गर यांनी १९९६ साली या अवकाशाचाच अभ्यास केला.

म्हणून दोन्ही कामे एकाच, न तुटणाऱ्या आज्ञेत करतात : ‘या नावाचे काहीही नसेल तरच नवी फाइल कर, नाहीतर थांब.’ शिवाय नावही सहज ओळखता येणार नाही असे घेतात. २०१२ साली लिनक्सच्या गाभ्यातही, सार्वजनिक जागेतील परक्या लिंकमागे न जाण्याची सोय आली.

तर मित्रहो, सुरक्षितता केवळ कुलपाच्या मजबुतीत नसते. ज्याच्या हाती चावी, त्याने सार्वजनिक टेबलावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवण्यापूर्वी ‘ही कोणी ठेवली?’ असे विचारलेच पाहिजे. तुमच्या शाळेत अशी एखादी ‘कच्ची वही’ आहे का, जरा शोधा बरे!